रेल्वेची नोकरी की अमेरिकेची वाट?

सोलापुरात उंच, चपळ मुलगी बारावीपर्यंत बास्केटबॉल खेळत राहिली की घरात विषय निघतोच: पुढं काय?

रेल्वेचा स्पोर्ट्स कोटा आईबाबांना लगेच पटतो. सोलापूर हा मध्य रेल्वेचा विभागच, त्यामुळे रेल्वेची नोकरी म्हणजे काय ते गल्लीतच दिसतं. सराव, ड्यूटी, स्पर्धांसाठी रजा. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत वर्षानुवर्षं रेल्वेचाच दबदबा, म्हणजे सरावालाही तोडीच्या खेळाडू मिळतात. गुडघ्याचा लिगामेंट फाटला तरी नोकरी शाबूत राहते. माझ्या मते सगळ्यात वजनदार मुद्दा हाच.

दुसरी वाट: अमेरिकी कॉलेजची शिष्यवृत्ती, मग डब्ल्यूएनबीए, म्हणजे तिथली महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग. दार फारच अरुंद. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नव्या खेळाडू निवडण्याच्या फेरीत, जगभरातून निवडल्या ३६ जणी, त्यातल्याही कितीतरी अंतिम संघाबाहेर. भारताची बास्केटबॉलपटू गीतू अण्णा जोसनं २०११ मध्ये तिथं चाचण्या दिल्या, करार काही झाला नाही; तीही दक्षिण रेल्वेचीच! पण शिष्यवृत्ती मिळाली तर पदवी हाती येते, म्हणून अभ्यासात पक्की असलेल्या मुलीनं दहावीनंतरच तिथल्या कोचना व्हिडिओ पाठवायला लागावं. अख्खा सामना पाठवा, बचाव करतानाचाही. नुसत्या बास्केटच्या रील नकोत.