डीटीपीच्या दुकानातला तयार बायोडाटा: टायपिंग चोख, रेफरन्सचा रकाना तपासून घ्या

सोलापुरात नवी पेठ, सात रस्ता किंवा कॉलेजांच्या आसपासच्या झेरॉक्स-डीटीपी दुकानांत फ्रेशरचा बायोडाटा बसल्या जागी तयार होतो. टायपिंग चोख, प्रिंट स्वच्छ, फोटोला चौकट आणि मागितली तर पीडीएफ व्हॉट्सॲपवर. उद्याच मुलाखत असेल तर ही सेवा जरूर घ्यावी. शेवटच्या पानावरचा ‘रेफरन्स’चा रकाना, म्हणजे तुमच्या कामाबद्दल कंपनी ज्यांना फोन करून विचारू शकते त्यांची नावं-नंबर, मात्र दुकानदाराच्या भरवशावर सोडू नये.

ऑपरेटर बऱ्याचदा कोरी फाइल घेत नाही. आधीच्या गिऱ्हाइकाची उघडून तिच्यावरच टाइप करतो. नाव, पत्ता, टक्के बदलतात, पण तळाची दोन नावं आणि मोबाइल नंबर कधीकधी तसेच राहून जातात. कंपनीच्या एचआरनं (भरती पाहणाऱ्या विभागानं) फोन लावला की पलीकडचा माणूस तुम्हाला ओळखतच नाही, आणि तिथेच खोटेपणाचा शिक्का बसतो. डिक्लरेशनखालची तारीखही अशीच शिळी राहते. म्हणून प्रिंट मारण्याआधी स्क्रीनवर शेवटचं पान वाचा आणि प्रत्येक नंबर स्वतःच्या मोबाइलमधल्या नंबराशी अंक-अंक जुळवा. निघताना तुमची फाइल त्या कॉम्प्युटरवरून पुसायला सांगा. उद्या तीच कुणाच्यातरी बायोडाट्याचा साचा होते.

रकाना रिकामा दिसला की ऑपरेटर म्हणतो, “दोन नावं सांगा.” मग मामा आणि वॉर्डातले नगरसेवक लागतात. मामा नातेवाईक म्हणून बाद. नगरसेवकांनी तुमचं घर पाहिलेलं असतं, काम नाही. फ्रेशरला चालणारी माणसं म्हणजे प्रोजेक्ट गाइड, इंटर्नशिप किंवा अप्रेंटिसशिपमधले सुपरवायझर, पार्टटाइम नोकरीतले मालक. एक कॉलेजातला, एक कामावरचा, अशी जोडी उत्तम. ज्यांना तुमचा चेहराही आठवत नाही अशा विभागप्रमुखांपेक्षा लॅबमध्ये तुमचं काम पाहिलेल्या मॅडम कितीतरी बऱ्या.

नाव देण्याआधी त्यांना फोन करून विचारायचं. होकार आला की एक मेसेज पाठवायचा: कोणत्या पदासाठी अर्ज, तुम्ही त्यांच्या हाताखाली कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत होता, तिथे केलेली दोन-तीन ठळक कामं, सोबत बायोडाटा. एक बारीक गोष्ट हमखास राहते. कारखान्यात तुम्हाला सगळे घरच्या नावानं हाक मारत असतील आणि कंपनीनं मार्कशीटवरचं नाव विचारलं, तर मालक सरळ सांगतील, “असा कोणी नव्हता आमच्याकडं.” मेसेजमध्ये दोन्ही नावं लिहा.

चादर-टॉवेलच्या छोट्या कारखान्यांत किंवा सुताच्या दुकानात एचआर नसतो, कंपनीचा ईमेलही नसतो. तिथे लेटरहेडवर अनुभवाचं पत्र घ्यावं: रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, कामाचं स्वरूप, सही-शिक्का. मालकांना इंग्रजीत बोलायचा कंटाळा असेल तर नंबरापुढे ‘मराठी, हिंदी किंवा तेलुगू’ असं लिहिण्यात कमीपणा नाही. मोठ्या कंपन्यांचं उलट असतं. अनेक ठिकाणी एचआर फक्त तारखा आणि पद सांगतो, कामाबद्दल अवाक्षर नाही. अशा वेळी सुपरवायझरना विचारा, पण कंपनीच्या नियमात ते बसतं का हे त्यांनाच ठरवू द्या. सध्याच्या नोकरीतल्या साहेबांचं नाव ऑफर हातात येईपर्यंत टाकू नये.

खरं तर हा रकाना बायोडाट्यात हवाच कशाला? तो बायोडाटा जॉब पोर्टलवर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो, सोबत सरांचा मोबाइल नंबरही. दुकानात दोन वेगळ्या फाइली करून मागा. रेफरन्सचं पान कंपनीनं मागितल्यावरच पाठवायचं. ‘मागितल्यास देऊ’ ही ओळही लागत नाही, जागा खाते. त्या पानावर वर तुमचं नाव आणि नंबर, खाली प्रत्येकाचं नाव, हुद्दा, संस्था, तुमच्याशी कामाचा संबंध, मोबाइल, ईमेल आणि फोनची सोयीची वेळ. पान पाठवलं त्याच दिवशी त्या मंडळींना कळवा, नाहीतर पुण्या-बंगळुरूहून आलेला अनोळखी नंबर स्पॅम समजून कट होतो.

पीडीएफ स्कॅन केलेली नको. ईमेल आणि नंबर कॉपी करता आले पाहिजेत. मराठी मजकूर जुन्या फॉन्टात टाइप केला असेल तर कॉपी केल्यावर चित्रविचित्र अक्षरं उमटतात, म्हणून युनिकोडचा, म्हणजे कुठल्याही मोबाइल-कॉम्प्युटरवर नीट वाचता येणाऱ्या टायपिंगचा, आग्रह धरा.

पैसे देताना वर्ड फाइलही मागून घ्या. नुसती पीडीएफ घेतली तर रेफरन्समधला एक नंबर बदलायलाही पुन्हा त्याच काउंटरवर रांग, आणि दुरुस्तीचे पैसे वेगळे. आधीच विचारून ठेवा.