पणजीतील एक मनी चेंजर : काचेखालच्या नोटा आणि फळ्यावरचा फरक

यंदा चवथीच्या तोंडावर आमच्या घरात परस्परविरुद्ध गरजा असलेली दोन माणसे एकाच वेळी उभी राहिली. नऊ महिने क्रूझ जहाजावर काढून तारवटी भाचा परतला तो डॉलरच्या नोटा घेऊन, आणि धाकट्या मेहुणीच्या मुलीला पुढच्याच महिन्यात इंग्लंडला शिकायला जाण्यासाठी पौंड हवे होते. रुपया घसरल्याची बातमी आली की एकाच जेवणाच्या टेबलावर भाचा मनातल्या मनात हसतो आणि मेहुणीचे यजमान ताट बाजूला सारतात. परकीय चलनाची खरेदी-विक्री परवानाधारकाकडेच करावी लागत असल्यामुळे आम्ही तिघेही पणजीला अठरा जून रस्त्यालगतच्या एका आडगल्लीतील मनी चेंजरकडे गेलो. त्या दुकानाचा हा अनुभव.

दुकान जेमतेम दोन खुर्च्यांचे आहे. रिझर्व्ह बँकेचा परवाना गल्ल्यामागच्या भिंतीवर वाचता येईल अशा उंचीवर टांगलेला आहे, आणि त्याच्या शेजारी खाचांत आकडे सरकवायचा जुन्या पद्धतीचा फळा आहे. या फळ्यावर प्रत्येक चलनाचे खरेदी आणि विक्री असे दोन्ही दर लिहिलेले असतात, ही पहिली जमेची बाजू. महिनाभरापूर्वी किनारपट्टीवरील एका दुकानात आम्ही चौकशीसाठी गेलो होतो. तेथे ‘कमिशन शून्य’ अशी ठळक पाटी होती, मात्र दर विचारल्याशिवाय सांगत नव्हते, आणि सांगितला तेव्हा तो पणजीच्या दरापेक्षा डॉलरमागे दोन रुपयांहूनही अधिक खाली निघाला. मनी चेंजरची कमाई कमिशनात क्वचितच असते, ती असते खरेदी आणि विक्री यांच्या दरांतील फरकात, त्यामुळे पाटीकडे न पाहता हा फरक पाहावा. पणजीच्या या दुकानात डॉलरचा फरक दीड रुपयाच्या आसपास होता, पौंडाचा थोडा अधिक, आणि थायलंडच्या बाटचा तर दराच्या मानाने पाहिल्यास कितीतरी जास्त. ज्या चलनाला गिऱ्हाईक कमी किंवा ज्याच्या उद्याच्या दराची खात्री कमी, त्याचा फरक मोठा. रूबलच्या ओळीतील दोन्ही खाचा रिकाम्या होत्या.

त्या रिकाम्या खाचांबद्दल विचारल्यावर मालकांनी दिलेले उत्तर आमच्या गोव्यातील कोणत्याही गेस्ट हाऊसवाल्याला पटेल असे होते. २०१४ च्या डिसेंबरात रशियाच्या मध्यवर्ती बँकेने एका रात्रीत व्याजदर १७ टक्क्यांवर नेला तरी दुसऱ्या दिवशी रूबल डॉलरला ८० च्या घरात घसरला, आणि रशियन पाहुण्यांवर चालणाऱ्या मोरजी-हरमलच्या किनाऱ्यांवरील हंगामाला त्याची झळ बसली. २०२२ च्या मार्चमध्ये तोच रूबल १२० पर्यंत पडला, आणि निर्यातदारांवर परकीय चलन विकण्याची सक्ती व भांडवल बाहेर नेण्यावर बंदी घातल्यावर जूनअखेर ५० च्या घरात वर आला. कागदावर हे मजबूत चलन होते, पण ज्या चलनाला बाहेर पडायला दार नाही त्याचा भाव गल्ल्यावर बसणाऱ्याच्या काय कामाचा? व्हिसा आणि मास्टरकार्डची रशियन कार्डे त्याच वर्षी मार्चमध्ये परदेशात बंद पडली, तेव्हापासून तिकडचे पाहुणे खिशात डॉलर-युरो घेऊनच येतात, असे मालक म्हणाले.

गल्ल्याच्या काचेखाली त्यांनी मेलेल्या नोटा मांडून ठेवल्या आहेत. झिंबाब्वेची शंभर ट्रिलियनची नोट सगळ्यांना ठाऊक असते. २०१५ मध्ये तिचा हिशेब मिटवला गेला तेव्हा रोख नोटांसाठी अडीचशे ट्रिलियनना एक अमेरिकी डॉलर असा दर होता, म्हणजे या नोटेला जेमतेम चाळीस सेंट मिळाले असते. पण माझी नजर खिळली ती तिच्या शेजारच्या कुवेती दिनारवर. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा तेथून एक लाखाहून अधिक भारतीय परत आणले गेले, त्यांत गोंयकार पुष्कळ होते, आणि वर्षानुवर्षांची कमाई म्हणून जगातील सर्वांत महाग चलन बरोबर आणलेल्या माणसाला मुंबईत ते कोणी विचारीना. १९९१ च्या मार्चमध्ये मुक्त झालेल्या कुवेतने नव्या नोटा काढल्या आणि जुन्या बाद झाल्या. आमच्या वाड्यावरील एका घरात तसले दिनार अजून लाकडी पेटीत आहेत, हे काचेवर वाकून पाहताना आठवले.

त्याच युद्धाने तेल महाग झाले, आखातातून येणारा पैसा आटला, आणि १९९१ च्या जूनपर्यंत देशाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतीच उरली. सुमारे ४७ टन सोने गहाण टाकून आणि १ व ३ जुलैला रुपयाचे दोनदा अवमूल्यन करून आपण तो घाट ओलांडला. त्या वर्षी वाढीचा दर दीड टक्क्याच्याही खाली गेला, पण पुढच्याच वर्षी तो पाच टक्क्यांच्या वर आला. इंडोनेशियाचे तसे झाले नाही. काचेखाली तिथलीही एक नोट आहे. २ जुलै १९९७ रोजी थायलंडने बाटचा दर बाजारावर मोकळा सोडल्यावर लागलेली आग तेथे पोचली, डॉलरला सुमारे २,४०० असलेला रुपिया १९९८ मध्ये १६,००० च्या पलीकडे गेला, आणि अर्थव्यवस्था त्या एका वर्षात सुमारे १३ टक्क्यांनी आकुंचन पावली. घसरण दोन्हीकडे झाली, परंतु तिकडच्या कंपन्यांनी थोड्या मुदतीची कर्जे डॉलरमध्ये काढली होती आणि कमाई मात्र रुपियामध्ये होती, तर आपल्या कारखानदारांच्या डोक्यावर तसा डॉलर-कर्जाचा डोंगर नव्हता. चलन पडल्याने निर्यात स्वस्त होऊन देश सावरतो, हे पाठ्यपुस्तकातील विधान खरे ठरण्याआधी देणे कोणत्या चलनात आहे आणि मिळकत कोणत्या, हे विचारावे लागते. मेहुणीच्या यजमानांचा पगार रुपयांत आणि पुढील तीन वर्षांची फी पौंडांत, म्हणजे त्यांचा छोटासा इंडोनेशियाच झाला आहे, असे मी म्हटले, ते त्यांना मुळीच आवडले नाही.

आता सेवेतील उणिवा. फोनवर सांगितलेला डॉलरचा दर शंभर आणि पन्नासच्या नोटांपुरताच होता. जहाजावरच्या टिप्स म्हणजे एक, पाच आणि दहा डॉलरच्या नोटांची चवड, आणि काउंटरवरील मुलीने “मामा, सुट्या नोटांना दर वेगळा” असे अत्यंत नम्रपणे सांगून डॉलरमागे सव्वा रुपया कमी केला. छोट्या नोटा बाहेर पाठवणे महाग पडते हे कारण खरे असेलही, पण मग फळ्यावर आणखी एक ओळ घालायला काय हरकत आहे? भाच्याचे नाणे तर एकही घेतले नाही, आणि कोपऱ्यात पेनने सही केलेली एक नोट परत केली.

बाकी व्यवहार चोख. प्रत्येक नोट निळ्या दिव्याखाली धरून, बोटांनी चाचपून आमच्यासमोर मोजली, पासपोर्टची प्रत घेतली, रक्कम भाच्याच्या खात्यात जमा केली आणि एन्कॅशमेंट सर्टिफिकेट, म्हणजे चलन रुपयांत बदलल्याचा दाखला, न मागता दिले. ते जपून ठेवावे. जीएसटी वेगळा दाखवला होता. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात तो रकमेच्या एक टक्क्यावर, पण किमान अडीचशे रुपयांवर धरतात, म्हणून अगदी पन्नास डॉलर बदलले तरी ४५ रुपये जातातच, तेव्हा थोडे थोडे बदलण्यात नुकसान आहे.

पौंडांच्या बाबतीत त्यांनी स्वतःचे नुकसान करून सल्ला दिला, याची नोंद करायला हवी. नोटांच्या रूपात तीन हजार डॉलरच्या मोलापर्यंत परकीय चलन नेता येते, पण मुलीने पहिल्या आठवड्यापुरतेच पौंड रोख घ्यावेत आणि फी बँकेतूनच पाठवावी, कारण नोटांचा दर तारेने पाठवायच्या दरापेक्षा नेहमी महाग असतो, असे मालकांनी सांगितले. तिने तीनशे पौंड घेतले. पाचच्या नोटा मागितल्या होत्या, त्या नव्हत्या, वीसच्याच मिळाल्या.

दुपारी एक ते तीन दुकान बंद असते. दर सकाळी दहानंतर बदलतात, तेव्हा त्यानंतर जावे, आणि फोन करताना नोटा केवढ्याच्या आहेत ते आधी सांगावे.