कथा शिकायची कुठं : कार्यशाळेत, कट्ट्यावर की थेट दिवाळी अंकात?

दोन-चार कथा लिहून झाल्या, पण त्या जमल्यात की नाही हे सांगणारं कुणी नाही, अशा अवस्थेत मराठवाड्यातली कितीतरी लिहिती मुलं-मुली अडकलेली असतात. पुढं काय? शहरात जाऊन कथालेखन कार्यशाळा करायची, गावातल्याच चार-पाच जणांसोबत दर महिन्याला कथा वाचत बसायचं, की सरळ दिवाळी अंकाला पाठवून द्यायची? अगदी सुरुवातीला माझा कौल कट्ट्याला आहे.

कार्यशाळेत थोड्या वेळात बरंच हाती लागतं. कथा कुणाच्या नजरेतून चाललीय, कुठला प्रसंग सविस्तर दाखवायचा आणि कुठला दोन ओळींत आटोपायचा, संवादातलं काय गाळायचं, हे नेमक्या शब्दांत बोलता येऊ लागतं. १९४३ पासून काम करणारी मराठवाडा साहित्य परिषद आणि तिच्या शाखा, महाविद्यालयांचे मराठी विभाग, जुनी वाचनालयं इथं चौकशी केली तर अशा उपक्रमांचा पत्ता लागतो. मात्र हॉल भरलेला, व्याख्यानांवर व्याख्यानं आणि तुमची कथा पिशवीतच, असंही होतं. म्हणून फी भरण्याआधी एवढंच विचारा : आमच्या कथांवर कुणी बोलणार आहे का?

कट्ट्यावर तुमची कथा मोठ्यानं वाचली जाते, आणि फरक इथंच पडतो. समजा, सोयाबीन विकून आलेल्या बापाबद्दल तुम्ही लिहिलंत, 'तो खूप निराश झाला. त्याच्या मनात विचारांचं काहूर माजलं.' ऐकणारे माना डोलावतात, पण दहा मिनिटांनी कुणालाच तो बाप आठवत नाही. तेच पुन्हा लिहून आणता : 'त्यानं आडतीवरची पट्टी दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि चहा न घेताच मोंढ्याबाहेर पडला.' आता कुणीतरी विचारतं, पट्टीत किती कापले? तो प्रश्न आला म्हणजे माणूस उभा राहिला. असं दोन-तीनदा घडलं की तंत्र हाताला कळायला लागतं आणि लिहिणाऱ्याचा धीरही वाढतो.

भाषेचा संकोचही इथंच सुटतो. 'काय करायलास?' असं बोलणारं पात्र कागदावर 'काय करतो आहेस?' म्हणालं, तर गावातला श्रोता लगेच अडतो. आपली बोली छापण्याजोगी नाही ही भीती काढून टाका. परभणीचे आसाराम लोमटे यांना २०१६ साली कथासंग्रहासाठीच साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि त्या कथा इथल्याच गावखेड्यांच्या आहेत.

कट्ट्याचा धोका म्हणजे सगळे ओळखीचे. 'लई भारी' म्हटलं की विषय संपतो. त्यावर एक नियम कामाचा आहे : वाचून झाल्यावर लेखकानं खुलासा करायचा नाही. बाकीच्यांनी काय आठवतंय, कुठं कंटाळा आला आणि कुठं कळलं नाही, एवढंच सांगायचं. गटात न लिहिणारा पण भरपूर वाचणारा एक माणूस हवाच. चार लेखकांना दिसत नाही ते त्याला दिसतं.

दिवाळी अंक आणि स्पर्धा घाईनं धरू नका. छापून आलं तर बळ मिळतं यात शंका नाही. पण नकार आला की त्याचं कारण सहसा कळत नाही, आणि नवखा माणूस सगळा दोष स्वतःवर घेतो. कट्ट्यावर तावून निघालेली कथाच पाठवा, तीही त्या अंकाचे मागचे दोन-तीन अंक वाचून.

खिशात पैसे असतील आणि तीन कथा शेवटापर्यंत लिहून झाल्या असतील, तर कार्यशाळा जरूर करा; तेव्हा तिथं विचारायला तुमचे स्वतःचे प्रश्न असतील. तालुक्यात लिहिणारं कुणीच सापडत नसेल, तर एक मित्र किंवा मैत्रीण गाठा, रविवारी फोनवर अख्खी कथा वाचून दाखवा आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं काय आठवतंय ते विचारा.