व्हीएस कोडमध्ये मराठी लिहिताना: वर्ड रॅपचे आठ महिने

अनुवादाचं काम व्हीएस कोडमध्ये, म्हणजे प्रोग्रामर वापरतात त्या टेक्स्ट एडिटरमध्ये, हलवलं त्याला आठ महिने झाले. पहिला महिना चिडचिडीत गेला, आणि दोष बराचसा माझाच.

साध्या टेक्स्ट फाइलला वर्ड रॅप, म्हणजे कडेला पोचलेली ओळ आपोआप खाली वळवणं, मुळात बंद असतो, परिच्छेद उजवीकडे धावत सुटतो. (मार्कडाउन, म्हणजे साध्या खुणांनी मांडणी दाखवणाऱ्या फाइलला तो आपोआप सुरू असतो, हे फार उशिरा कळलं.) मी आपली टाइपरायटरच्या सवयीने ओळीअखेर एंटर मारत गेले. मजकूर दिवाळी अंकासाठी पाठवला आणि मांडणी करणाऱ्याचा फोन: "ताई, प्रत्येक ओळ नवा परिच्छेद होतेय!" चाळीस पानांतले एंटर हाताने काढले. ऑल्ट धरून झेड दाबलं असतं तर रॅप सुरू झाला असता.

तो सुरू केल्यावर दुसरं दुखणं. इंग्रजी ओळी कडेपर्यंत नीट भरायच्या. मराठीतली एखादी चार बोटं आधीच वळायची. कारण सेटिंग्जमध्येच लिहिलेलं आहे. 'रॅपिंग स्ट्रॅटेजी' मुळात 'सिंपल' असते आणि ती सगळी अक्षरं सारख्या रुंदीची धरते. 'स्त्री' घ्या. डोळ्याला एकच जोडाक्षर, पण युनिकोडात, म्हणजे संगणकाच्या अक्षर-संकेतांत, स, पाय मोडल्याची खूण, त, पुन्हा ती खूण, र आणि दीर्घ वेलांटी, असे सहा तुकडे. हिशेब सहा घरांचा, जागा त्याहून कितीतरी कमी. 'अ‍ॅडव्हान्स्ड' निवडलं की हे मोजमाप ब्राउझरच्या इंजिनाकडे जातं आणि मराठी ओळ जिथे वळायला हवी तिथेच वळते. मराठीत लिहिणाऱ्याने आधी हे एक बदलावं, बाकीचं सावकाश. मोठ्या फाइलला ही पद्धत जड जाऊ शकते असा इशारा तिथेच आहे; मी प्रकरणागणिक वेगळी फाइल ठेवते, अजून अडलेलं नाही.

रुंद मॉनिटरवर वर्ड रॅपच्या सेटिंगला 'बाउंडेड' आणि ओळीची मर्यादा 70 कॉलम (अक्षरांची घरं) ठेवते. खिडकी लहान केली तर ओळ तिच्याप्रमाणे आखडते.

एकदा एक ओळ कापायची म्हणून काही न निवडता कंट्रोल-एक्स दाबलं, तर अख्खा परिच्छेद गायब! एडिटरच्या लेखी एंटरपर्यंत सगळी एकच ओळ. आता हीच सोय वाटते: ऑल्ट आणि वरचा बाण दाबला की परिच्छेद उचलून वर जातो.

याचीच उलटी बाजू म्हणजे, एक स्वल्पविराम बदलला तरी टर्मिनलमधला गिट डिफ (फाइलच्या जुन्या-नव्या आवृत्तींतला फरक दाखवणारी आज्ञा) पूर्ण परिच्छेद लाल-हिरवा करतो. सोबत '--word-diff' लिहिलं की बदललेला शब्दच तेवढा रंगतो. ते लिहायला मात्र मी अजूनही दर दुसऱ्या वेळी विसरते.