गोष्टीचा डोंगर: सात महिने वर्गात वापरल्यानंतर

सहावी ते आठवीच्या मुलांना गोष्टीची बांधणी शिकवताना गेले सात महिने मी 'गोष्टीचा डोंगर' हा तक्ता वापरतेय. ओळख, चढण, शिखर, उतार आणि शेवट, असे त्याचे पाच टप्पे.

वाचनाच्या तासाला तक्ता उत्तम चालतो. शिखर नेमकं कुठलं यावर मुलं हमरीतुमरीवर येतात, आणि त्या भांडणात गोष्ट तीनदा वाचून होते.

लिहायला बसवलं तिथे गाडी अडली. मुलांनी पाच चौकटींत पाच सुटे प्रसंग भरले. 'मग आम्ही जंगलात गेलो, मग वाघ आला, मग पळालो.' शिखरावर काहीतरी मोठं हवं म्हणून वाघ. तेही पानाच्या बरोबर मध्यावर. उरलेलं अर्धं पान घरी परतण्यात. ही चूक मुलांची नव्हती. डोंगराचा हा त्रिकोणी आराखडा गुस्टाव्ह फ्रायटाग या जर्मन लेखकानं १८६३ साली मांडला तो पाच अंकी नाटकं डोळ्यांसमोर ठेवून. तिथे कळस मध्यावर येतो आणि पुढे नायकाची घसरण चालते. दीड पानाच्या गोष्टीला एवढा उतार पेलत नाही. आता मी शिखर पार उजवीकडे काढते, उतार दोन-तीन वाक्यांचा. शेवट लगेच आटोपशीर झाले.

खरा फरक पडला तो मात्र एका वाक्यानं. डोंगर काढण्याआधी प्रत्येकानं तोंडी सांगायचं: कोणाला काय हवं होतं, पण काय आडवं आलं, म्हणून त्यानं काय केलं. मग कच्च्या लेखनातला प्रत्येक 'मग' खोडून तिथे 'पण' किंवा 'म्हणून' बसतो का ते बघायचं. एकानंतर दुसरं घडणं वेगळं आणि एकामुळे दुसरं घडणं वेगळं, हे अ‍ॅरिस्टॉटलनं नाटकाबद्दल लिहिताना सांगितलंय. अकरा वर्षांच्या मुलाला ते या दोन शब्दांतून कळतं.

चार ओळींपुढे कधीच न गेलेल्या एका मुलानं लिहिलं: वाचनालयाचं फाटलेलं पुस्तक कोणाला न कळता परत करायचं होतं, पण चिकटपट्टी लावताना पुढचं पानही फाटलं, म्हणून त्यानं ते पान हातानं लिहून काढलं, पण बाईंनी अक्षर ओळखलं. दोन पानं झाली. वाघ नाही, भूत नाही, 'जाग आली तर ते स्वप्न होतं' नाही.

अजून अडतं ते 'काय हवं होतं' इथे. 'त्याला आनंदी व्हायचं होतं' असं मुलं लिहितात, आणि पुढे काही सुचत नाही. तेव्हा मी विचारते, ते मिळालं हे बघणाऱ्याला कशावरून कळेल? या प्रश्नाला पूर्ण तास द्यावा लागतो, आणि मी तो देते. शुद्धलेखनाच्या चुकांना या टप्प्यावर हात लावत नाही. लाल शाई दिसली की मुलं गोष्ट सोडून वेलांट्या दुरुस्त करत बसतात.

काही गोष्टी या साच्यात बसत नाहीत. एकीनं आजीच्या रिकाम्या खोलीबद्दल लिहिलं. त्यात अडथळा नव्हता, शिखरही नव्हतं. तिला मी डोंगर काढायला लावला नाही.