ऑल-22 फिल्म: क्वार्टरबॅक शोधायचा तर आधी हे बघा
एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, तिच्या मॅचेसची ऑल-22 फिल्म पैसे भरून बघतोय आणि खरंच सांगतो, क्वार्टरबॅक (पास टाकून टीमचा हल्ला चालवणारा) पारखायचा तर याला तोड नाही. टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागे पळतो, लांबचे रिसीव्हर (पास पकडणारे) आणि मागचे सेफ्टी (बचावाची शेवटची फळी) फ्रेमच्या बाहेर, इथे मैदानावरचे 22 च्या 22 दिसतात, त्यामुळे पास पकडला की सुटला यापेक्षा क्वार्टरबॅकने आधी कुठे बघितलं, स्नॅपनंतर (बॉल मागे देऊन खेळ सुरू झाल्यावर) सेफ्टी फिरला ते ओळखलं का, पहिला रिसीव्हर बंद असताना दुसऱ्याकडे वेळेत गेला का ते कळतं. एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या अँगलमधून तर पॉकेट (त्याच्याभोवतीचं सहकाऱ्यांचं कडं) कोसळताना त्याचे पाय कसे हलतात तेही दिसतं, माझे पैसे तिथेच वसूल.

कॉलेजच्या मॅचेस यात नाहीत, म्हणजे ड्राफ्टमधल्या (टीम्स पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) पोरांसाठी उपयोग नाही, पण फ्री एजंट (करार संपलेला) नाहीतर ट्रेडमधला (टीम्समधल्या अदलाबदलीतला) माणूस तपासायला एकदम भारी. कॉमेंट्री नसते, सुरुवातीला जड जातं.

आणि टीम्सनी नुसता हाताचा जोर बघून पिक (ड्राफ्टमधली निवडीची पाळी) लावणं आता थांबवावं राव. क्वार्टरबॅक जामार्कस रसेल 2007 च्या ड्राफ्टमध्ये पहिला गेला, तीन सीझनमध्ये संपला, आणि पुढे गाजलेले दोघे बघा, ब्रेडी 2000 ला 199 वा, पर्डी 2022 ला 262 वा म्हणजे पार शेवटचा! कॅन्सस सिटीच्या टीमने 2017 ला ट्रेड करून 10 व्या पिकवर माहोम्स घेतला तरी जवळजवळ पूर्ण सीझन अनुभवी क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथच्या मागे बसवून शिकू दिलं, एवढा धीर बाकीच्यांनीही धरावा.