तळ्याकाठून परतल्यावर: आजच आवरायचं की उद्या?

तळ्याकाठी बरेच दिवस तंबूत काढून कुत्र्यासकट घरी परतलं की दारातच प्रश्न पडतो: पसारा आजच आवरायचा, की आंघोळ करून ताणून द्यायची?

आजच आवरण्याचा खरा फायदा तंबूला. ओलसर तंबू घडी करून ठेवला तर एक-दोन दिवसांतही बुरशी धरू शकते. मग ते काळे डाग आणि कुबट वास जाता जात नाहीत. पण अंग आंबलेलं असताना भांडी, कपडे, शेगडी सगळंच काढून बसलं तर एकही काम धड होत नाही.

उद्यावर टाकलं तर झोप होते आणि कामं भराभर हातावेगळी होतात. भांड्यांचं, केरवाऱ्याचं एका रात्रीत काही बिघडत नाही. कुत्र्याचं मात्र थांबत नाही. गोचीड जितका वेळ चिकटून राहील तितका आजाराचा धोका वाढतो. कानामागे, पट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यात हात फिरवून बघावं. (बिचारं दमून आडवं झालेलं असतं, मुकाट्याने तपासू देतं.) मुगाएवढी गाठ हाताला लागली आणि ती गोचीड निघाली, तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, पिरगळू नये, चिरडू नये. पाण्यात डुंबलेल्या कुत्र्याचे कानही कोरडे करावेत, ओल राहिली की कान चिघळतो.

म्हणून माझा कौल असा: आज फक्त कुत्रा तपासायचा आणि तंबू दोरीवर पसरायचा. कपड्यांचा ढीग उद्या, गरम पाण्यात.